तर्री

नळी तासभर उभी ठेवली
तर वर सायीसारखं काहीतरी जमलं.
लॅबमधल्या पोरानं विचारलं, वहिनी, जेवून आलता काय?
नाही रे. रात्रीपासून उपाशी आहे.
त्यानं नळी ट्यूबलाइटसमोर धरली.
माझंच रक्त, आणि त्यात
दुधाची पिशवी फुटल्यासारखं पांढरं.

अठराशे चाळीस.
गल्ल्यावर बसते, आकडा लगेच पाठ झाला.
गोळीबार चौकात आमची सावजी खानावळ,
जवसाच्या तेलात तीन पिढ्या पोहल्या.
गिऱ्हाईक वाटी तिरपी करून बघतं
तर्री किती चढली.
माझ्यातही चढली, बाप्पा.
सातवा लागायच्या आधीच.

हेडाऊ मॅडमनी कागदावर स्वादुपिंड काढलं,
मला वाटलं सुकी मिरची.
"हे चिडलं ना, तर तुम्ही दोघंही..."
पुढचं बोलल्या नाहीत, पेनाला टोपण लावलं.
दिवसाला वीस ग्रॅम स्निग्ध,
दाण्यातलं, दुधातलं सगळं धरून.
माशाच्या तेलाच्या कॅप्सूल
(तेलावर उतारा तेलाचाच, हे मला आवडलं).
नाहीच उतरलं तर भरती, इन्सुलिनची सलाईन.
वरच्या पोटात कळ उठून पाठीत गेली
तर रात्र बघायची नाही, ऑटो बघायचा.

सासूबाई उखडल्या. "काहून वं, पोटुशीले तूप नाई?
डिंकाचे लाडू का कबुतराईले टाकू?"
दोन दिवस डबा ओट्यावर तसाच.
मग डोहाळजेवणाला त्यांनी सांबारवडी केली.
तळली नाही. उकडली, आयुष्यात पहिल्यांदा,
खोबरं वगळून.
ओल्या फडक्यासारखी फाटली ताटात,
बायका एकमेकींकडे पाहू लागल्या.
"खा," म्हणाल्या. "मी चाखली. बेक्कार झाली."
मी चार खाल्ल्या.

पहाटे चारला खाली मसाला भाजायला घेतात.
वास जिना चढून येतो, उशाशी बसतो.
अशाच एका पहाटे बरगडीखाली काही सरकलं.
उठून बसले. पाठीत जातंय का?
शंभरपर्यंत मोजलं, मग पुन्हा एकपासून.
हे घोरत होते, उठवलं नाही.
पाठीत गेलं नाही.
टाच होती.

मंगळवारी परत तोच पोरगा, तीच ट्यूबलाइट.
सहाशे बारा.
"गढूळच आहे अजून, वहिनी."
द्या इकडे, म्हटलं, मला बघू द्या.
नळीच्या पलीकडे
त्याचं बोट दिसत होतं,
नखावरच्या शाईच्या डागासकट.