ग–सा

पुन्हा तेच. बासष्ट टक्क्यांवर कॉपी थांबते
आणि कम्प्युटर हळूच म्हणतो, ग–सा:
ड्राइव्ह तुटला.

हंगेरीतल्या पेच नावाच्याच शहरात हा पेच.
एतेल्का चष्मा कपाळावर सरकवते.
एकेचाळीस गावांच्या घंटा आहेत त्या डबीत,
तिने स्वतः मनोऱ्यांवर चढून टिपलेल्या.
नऊ आता तडकल्यात. एक चोरीला गेली.

केबल बदलली. डबी उशीवर ठेवून पाहिली,
ताप आलेल्या पोरासारखी.
"तिला झोपू देऊ नका," शेजारचा बालिंट म्हणाला
आणि वीज वाचवायची खूण काढून गेला.
सा–ग. चौसष्ट. सदुसष्ट.
फ्रिज घुरघुरला.
ग–सा.

रात्री ती टेबलाखाली शिरली, तोंडात टॉर्च.
पुढच्या खाचेत जीवच नव्हता;
मागे, धुळीत, दोन निळ्या खाचा कोऱ्या करकरीत.
केबल पोचेना.
मग अख्खा डबाच फिरवला तिने,
वर्गात शिक्षा केल्यासारखा, तोंड भिंतीकडे.

सा–ग.

ब्याऐंशी. फ्रिज घुरघुरला.
त्र्याऐंशी.

शंभर झाले तेव्हा उजाडत होतं.
ती तशीच बसून,
कान अजून त्या खालच्या सा-वर.