चार बोटं कापड

पेटी उघडली तेव्हा डांबराच्या गोळ्यांचा वास आला
आणि एक सुकलेली पाल निघाली.
खाली अकरा घागरे, नऊ धोतरं, नऊ फेटे,
सगळं सहावीच्या मापाचं.
ती सहावी आता आठवीत बसते.
आरेफ तडवीचा आवाज फुटलाय,
हर्षाली कोळी माझ्या खांद्याला लागते.

सुपडू शिंप्याने दुमडी उसवल्या.
दहा संमेलनं नाचून विटलेले घागरे,
त्यांच्या खालून चार बोटं कापड निघालं,
ओलं वाटावं इतकं लाल.
"मॅडम, हाई दिसी," तो म्हणाला.
दिसू दे, म्हटलं.

दोन वर्षं मी फोनसमोर नाचले.
ओट्याला पाठ करून, कुकर बंद ठेवून,
"एक-दोन-तीन, आणि गिरकी."
मग पोरांचे व्हिडिओ यायचे, रात्री उशिरा, नेट स्वस्त झालं की.
हर्षाली गच्चीवर, मागे वाळत घातलेल्या मिरच्या.
आरेफ गोठ्यात, म्हैस दर वेळी मध्ये.
दीपमाला बाजेवर उभी, कारण रेंज बाजेवरच.
प्रत्येक जण एका उभ्या चौकटीत एकटा.
चौकटीबाहेर हात गेला की हात नाही.
चुकलं तर पुन्हा. एकेकीने नऊ-नऊ वेळा पाठवलं,
दहाव्यात कुणीच हसत नव्हतं.

जानेवारीत अडावदच्या थंडीत पहिली तालीम.
"उजवीकडे," मी म्हटलं.
अकरा जण उजवीकडे गेले, नऊ डावीकडे.
फोनने काहींना मी दाखवले होते, काहींना माझा आरसा.
आणि हात धरा म्हटलं
तर आधी शर्टाला पुसायचे,
उसनी वस्तू परत करताना पुसतात तसे.
दुरुस्त करायला सहा दिवस होते.
पाच दिवसांत अर्धे दुरुस्त झाले,
सहाव्या दिवशी ते परत बिघडले.

संमेलनाच्या संध्याकाळी
नववीची टेबलं सुतळीने बांधून स्टेज केलं.
एक टेबल लंगडं, त्याच्याखाली भूगोलाचं जुनं पुस्तक.
ताडपत्रीवर बाया, कडेवर पोरं, डोक्यावरून शाली,
सातपुड्याकडून वारा.
पाहुण्यांचं भाषण मी ऐकलं नाही,
मी टाचण्या मोजत होते.

आणि मग ते आले.
पाय टेबलांवर पडले
आणि तो आवाज (हा आवाज मी विसरलेच होते,
फोनमध्ये पायांना आवाज नसतो)
माझ्या दातांपर्यंत आला.
घागरे फिरले, खालची लाल पट्टी उठली,
वीस पोरांभोवती वाढलेली वर्षं
गोल गोल.

तिसऱ्या गिरकीला
आरेफ उजवीकडे, हर्षाली डावीकडे.
कोपर, फेटा, धप्प.
फेटा सुटून थेट हार्मोनियमवर.
क्षणभर सगळं थांबलं. माझ्या तोंडात आलंच होतं,
पुन्हा घेऊ या.
हर्षाली हसली.
पोट धरून, ताल सोडून, सगळ्यांसमोर हसली,
आणि हसता हसता पुढच्या ओळीत शिरली.
ताडपत्रीवरून कुणी ओरडलं,
"दखा, मनी पोर! मनी पोर शे ती!"

सायकल स्टँडच्या अंधारात रेमला बारेला उभा होता.
केळीच्या ट्रकवर जातो आता,
शर्टावर चिकाचे काळे डाग.
त्याचं धोतर पेटीत तसंच होतं, मी कोळ्याच्या धाकट्याला दिलं.
रेमलाचे पाय हलत होते.
त्याच्यापर्यंत व्हिडिओ अर्धाच पोचला होता, मग रिचार्ज संपला.
तोच अर्धा भाग तो करत होता,
संपला की पुन्हा पहिल्यापासून,
एकही पाऊल न चुकता.
मी हाक मारेपर्यंत ट्रकचा हॉर्न वाजला.

दुसऱ्या दिवशी घागरे घेऊन सुपडूकडे गेले.
"परत दुमडू का?" त्याने विचारलं.
"दुमड. पण कच्ची शिलाई घाल."
त्याने टेप गळ्यातून काढली, पेन्सिल कानावरून.
"आनी ते एक धोतर, मॅडम?
त्याचं माप कोनाचं लिहू?"