पाचव्या दिवसाची वही

हार्लिंगेनच्या धक्क्यावरून सायकल दामटत येते मी
सकाळी आठाला, समोरून वारा.
पलंग नियमाप्रमाणे ठोकळ्यांवर चढवलेला,
बाळंतिणीसाठी नव्हे, माझ्या कंबरेसाठी.
त्या उंचीवर यिल्डाऊ,
ओहोटीच्या चिखलात रुतलेल्या होडीसारखी
एका अंगावर कललेली.

वहीत रकाने भरते:
आईचा ताप सदतीस पूर्णांक चार.
ओली दुपटी दोन.
काट्यावर व्हीबे हातपाय झाडतो,
आकडा थरथरतो, मग ठरतो.
कालच्याहून चाळीस ग्रॅम कमी.

मी तो मोठ्यानं वाचत नाही.
तिनं तो माझ्या पाठीवरून वाचलेला असतो.

खाली सासू, आउक्ये, पाहुण्यांसाठी
टोस्टवर निळ्या बडीशेपेच्या गोळ्या पेरतेय,
आवाज जिना चढून येतो:
पाच वाढवली मी अंगावर, पाच.
बहिणीचा फोन उशीखाली गुरगुरतो:
दे बाटली आणि सुट.
उशाशी पत्रक. त्यातली बाई पाजताना हसतेय.
तिला चिरा पडल्या नसाव्यात.

बावीस वर्षांत एवढंच शिकले:
विचारायचं, आणि मग तोंड मिटायचं.
"तुला काय हवंय?"

बेटाकडे जाणारी बोट भोंगा देते.
पुन्हा देते.

"झोप," ती म्हणते.
बऱ्याच वेळानं: "रात्रीचं एक पाजणं माझं राहू दे.
बाकी वरचं... चालेल का?"

चालेल का, म्हणे. जणू माझ्या खिशात शिक्का आहे.
माझ्या थोरलीच्या वेळी
मोज्यांच्या खणात बाटली लपवायचे मी,
नर्सच्या सायकलची घंटा वाजली की.
हे तिला सांगत नाही. आज दिवस तिचा आहे.

पाणी उकळते. मोजून भुकटी, पातळी डोळ्यांसमोर धरून.
श्यूर्डला म्हणते, थेंब मनगटावर टाकून बघ.
तो ओशाळतो: गोदीत वेल्डर आहे,
मनगटाला चटके कळत नाहीत.
मग कोपराच्या आतली बाजू शोधतो आम्ही,
जिथं कातडी अजून कोवळी राहिलीय.
तिथं त्याला कळतं.

व्हीबे पितो. थांबतो. श्वास घेतो. पितो.
मधेच रडतो, आणि इकडे
यिल्डाऊचा सदरा आपोआप भिजतो, दोन्हीकडे.
"आत्ता?" ती म्हणते,
शिवी हासडते, हसते,
हसताना टाके ओढतात.

आउक्ये ताट घेऊन दारात.
बाटलीकडे बघते, मुलाच्या कोपराकडे बघते.
टोस्ट ठेवते. भिजलेला सदरा मागून घेते
आणि धुवायला घेऊन जाते.

वहीत दोन चौकटी: अंगावर. बाटली.
एकीतच खूण करा, छापलंय.
मी दोन्हींत करते,
समासात लिहिते: आई झोपली, साडेदहा.

परतीला वारा पुन्हा समोरूनच,
कसा कोण जाणे.
उद्या काटा काय म्हणेल तेही.