पहाटे पाच ते सहा

शटर अर्ध्यावर अडकतं. वाकूनच आत जावं लागतं.
नवी पेठेत अजून चहावाल्याचा स्टोव्हसुद्धा पेटलेला नसतो.
चव्वेचाळीस टेबलं, चव्वेचाळीस खुर्च्या,
आणि मी, एक झाडू, एक बादली, एक फडकं.

या पोरांची तोंडं मी फारशी पाहिलेली नाहीत.
ती येतात तेव्हा मी दुसऱ्या कामावर गेलेली असते.
पण टेबलावरून माणूस कळतो.

नऊ नंबरवर खोडरबराचा चुरा, रोज मूठभर.
लिहितो, खोडतो, पुन्हा तेच लिहितो.
त्याला पेपरची भीती नाही, चुकायची आहे.
एकवीसवर भिंतीला वेळापत्रक,
इतकं देखणं की देवघरात लावावं.
हायलायटर पाच रंगांचे, टोपणं घट्ट,
आणि पुस्तक पान चौदाच्या पुढे कोरं करकरीत.
बारा आणि तेरामध्ये चिठ्ठ्या:
"राज्यपालाला कोण काढतो?" "तू सांग आधी."
एकमेकांना डिवचल्याशिवाय यांची गाडी सुरू होत नाही.
तेहेतीसवर शेंगांची टरफलं.
तिला मात्र ओळखते मी. परभणीची जान्हवी.
रात्रभर वाचते, आणि मी येते तेव्हा
वहीवर गाल टेकून झोपलेली असते.
तिच्याभोवतीनं हळू झाडते.

यंदा मीही सतरा नंबरचा फॉर्म भरला.
दहावी. वय बेचाळीस.
मुलगा म्हणाला, आई, आधी टाइमटेबल कर.
केलं. त्याच्याच जुन्या स्केचपेनांनी, एकवीससारखं.
दोन दिवस नुसतं बघत बसले, फार छान दिसत होतं.
मग तेहेतीससारखी रात्र जागवली,
आणि सकाळी एरंडवण्यात, जोशीबाईंच्या वरणात
मिठाच्या जागी साखर घातली.
बाई म्हणाल्या, असू दे, गोडं वरणच आहे.
मग नऊसारखं खोडून पाहिलं.
वही फाटली.

अभ्यासाला बैठक लागते, सगळेच सांगतात.
माझी गोची तिथंच आहे.
मी बसले की झोपते.
पाचवीपर्यंत काय ती बसले असेन,
त्यानंतर आजपर्यंत उभीच आहे.

जानेवारीतली गोष्ट. फरशी पुसता पुसता
ओल्या फडक्याच्या टोकानं सहज एक त्रिकोण काढला.
मग आत एक रेषा, पायाला समांतर.
प्रमाणाचं मूलभूत प्रमेय.
आणि पाणी कडेनं वाळायला लागलं.
थांब की जरा, म्हटलं, आणि मोठ्यानं सुरू केलं,
पक्ष, साध्य, रचना,
एकेका बिंदूला फडक्यानं टोचत,
कमरेला पदर खोचून, पंखा बंद करून.
अर्ध्यात बी नाहीसा झाला. परत काढला. परत पहिल्यापासून.
चौथ्या वेळी त्रिकोण अजून ओला होता
आणि मी शेवटच्या ओळीवर पोचले होते.

"काकू," मागून आवाज आला,
"उंची समान आहे, ते सांगायचं राहिलं."
गालावर वहीच्या स्पायरलचे वळ घेऊन
ती उठून बसली होती.

आता रोज एक प्रमेय, एका खोलीचं.
इतिहास जिन्यात करते, पायरीला एक साल.
इंग्रजीचे स्पेलिंग दांडेकर पुलावरून चालताना,
माणसं बघतात, बघू देत.
मार्चमध्ये त्या बाकावर तीन तास
बसायचं कसं, ते अजून कळलेलं नाही.
जान्हवी म्हणते, टेबलाखाली पाय हलवत राहा, कुणाला दिसत नाही.

आज नऊच्या खुर्चीखाली
त्याचा खोडरबर सापडला, झिजून बोराएवढा झालेला.
टेबलावर ठेवायला हात गेला.
मग कमरेला खोचला.
उद्या देईन परत.
एक दिवस तरी पोरानं
लिहिलेलं तसंच राहू द्यावं.