न दिलेला गोल

एलिया आवळे, मिरज लोकोशेड, नऊ नंबर.
वहीत तीनशे अकरा गोल, असं तो सांगायचा.
त्यातले बेचाळीस माझ्या अंगावरचे.
मी माधवनगरच्या मिलचा गोलकीपर,
मला ते वही न बघता पाठ आहेत.

डावा पाय त्याचा. उजवा नुसता उभं राहायला.
पेनल्टीआधी खाली वाकून बुटाची नाडी बांधायचा,
सुटलेली नसली तरी.
तेवढ्यात माझा घसा कोरडा.

शेडमध्ये, पान्यांच्या फळीवर,
त्यानं एक रंगीत पान खिळ्यानं ठोकलेलं,
स्टेशनच्या स्टॉलवरल्या जुन्या मासिकातलं:
युगोस्लाव्हियाचा कुणी स्ट्रायकर, हवेत आडवा,
शर्ट निळा, डोळे मिटलेले.
नावातली अक्षरं अशी दाटीवाटीनं बसलेली
की वाचताना जीभ अडकायची.
शेड त्याला म्हणायची थोरला युगो,
एलियाला धाकटा.

मग एका थंडीत पेपरात आलं, तो देश मोडला.
तुकडे किती, तेही रोज बदलायचं.
सामन्यानंतर भडंगाचा पुडा माझ्यापुढं धरत
एलिया म्हणाला,
"मग त्या गड्याच्या गोलांचं काय रे?
आता ते कुणाच्या खात्यात?"
मी हसलो. मला वाटलं, चेष्टा.

पुढं आमची मिल बंद पडली.
छोटी लाईन उखडली, रुंद रूळ आले,
शेडला काम उरलं नाही.
सातजण हुबळीला, दोघं सोलापूरला,
एलिया गुडघा घेऊन घरी.
मैदानावर पाण्याची टाकी आली.
दुपारी तिची सावली बरोबर माझ्या गोलात पडते,
म्हणजे जिथं गोल होता तिथं.

परवा मिशन कंपाउंडात गेलो.
म्हटलं, सांगून टाकावं.
शहाऐंशीची फायनल, शेवटचं मिनिट.
बॉल रेषेच्या आत दोन बोटं गेला होता, एलिया.
मी पोटाखाली ओढला. रेफरी लांब होता.
कप आम्ही नेला,
मिलनं प्रत्येकाला एक चादर दिली.

तो काही बोलला नाही.
उशाखालची वही काढली, चष्मा शोधला,
बोटाला थुंकी लावत पानं उलटली,
आणि एका ओळीवर थांबला:
माधवनगर मिल. एक.
पुढं पेन्सिलीनं, बारीक: दिला नाही.

म्हणजे त्याच्याकडं माझे त्रेचाळीस होते,
पहिल्यापासून.

वही मिटत त्यानं विचारलं,
"चादर टिकली का रे?"