चोवीस बादल्या

पोर्ट इझाबेल, टेक्सस. शाळेचं जिम, ऑगस्टची संध्याकाळ.
खुर्च्या संपल्या, तशी माणसं भिंतीला टेकून उभी राहिली,
पांढऱ्या रबरी बुटांत, काही थेट धक्क्यावरून आलेली.
वर बास्केटबॉलचा फलक बंद करायचं कुणी विसरलेलं:
यजमान शून्य, पाहुणे शून्य.

मी पाहुण्यांकडून.
प्रोजेक्टर माझ्या हाती, स्लाइडा सरकवायचं काम माझं,
आणि पडद्यावरचा आकडाही माझाच:
नव्याण्णव पूर्णांक नव्याण्णव शतांश टक्के.

व्हिटेकरसाहेब काठीने दाखवत होते,
ही 'ऑरेलिया', ही तिच्या पोटातली भट्टी,
हा किनारा, इथून दोनशे मैल.
जमिनीवर जे कुणालाच शेजारी नको
ते तिथे जळेल, बाराशे अंशांवर.
धुरातलं आम्ल लाटांवर उतरेल
आणि समुद्र त्याचं मीठ करील.
'मीठ,' ते हसले, 'तेही फुकट.'
खाल्ल्या मिठाला जागून
मी पुढची स्लाइड लावली.

मग तिसऱ्या रांगेतून ओफेलिया कान्तू उठली.
नवऱ्यामागे बोट तीच चालवते, असं मागून कुणी कुजबुजलं.
ती स्पॅनिशमध्ये बोलायची, तिची भाची इंग्रजी करायची,
पण हातातली निळी बादली दोघींच्या आधी बोलत होती.
पाच गॅलनची, कोळंबीची डोकी टाकायची.
वास पहिल्या रांगेपर्यंत आला.

'उरतं किती?'
'शून्य पूर्णांक शून्य एक टक्का, मॅडम.'
'टक्के मी पाहिलेले नाहीत.
किती उरतं? ह्यात सांगा.'
थोडं हसू फुटलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

एका खेपेचे बारा लाख गॅलन.
चार शून्यं खोडली.
एकशे वीस.
आणि मग, इतक्या वर्षांनी, इतक्या दूर,
ओठांवर पाढाच आला, शाळेतल्या हेलासकट:
चोवीस पंचे वीसाशे.

'चोवीस,' मी म्हणालो.
माझ्यापुढे माईक नव्हता, तरी ऐकू गेलं.
'दर खेपेला?'
'दर खेपेला.'

कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं,
ओरडण्यासाठी आमच्याकडे स्लाइड होती.
तिने बादली फ्री-थ्रोच्या रेघेवर ठेवली,
आणि एक पोरगं, दहा-अकरा वर्षांचं,
तिथून पावलं मोजत निघालं.
जिथे जिथे बादली आली असती तिथे टाच आपटायचं.
नऊ. दहा. माणसं पाय मागे घेत होती.
अठराला दार आलं.
दार उघडून ते बाहेर गेलं,
आणि आम्ही सगळे, साहेबसुद्धा,
पार्किंगमधून येणारा आवाज ऐकत बसलो:
वीस. एकवीस.

प्रोजेक्टरचा पंखा तेवढा फिरत होता.
पडद्यावर तो आकडा, माझा,
चारही नऊ मान खाली घालून.

रात्री गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही.
पुलाच्या अलीकडे व्हिटेकर म्हणाले, 'चांगलंच झालं एकूण.
फक्त तुझं ते उत्तर.'
मग, दिव्यांकडे बघत, सहज:
'अजून एक नऊ लावता येईल का?'

काच खाली केली. वारा अंगावर आला,
खारट, समुद्राकडून गावाकडे.
आमच्या नकाशात बाण उलटा काढलेला,
तोही बहुधा मीच.
'बघतो,' म्हणालो.

आणि बघितलं, तिथल्या तिथे, अंधारात, बोटांवर:
अजून एक नऊ म्हणजे
दोन बादल्या भरून,
आणि तिसरीत
घोटा बुडेल इतकं.