रुमालाखाली

आशाताई गेटबाहेरूनच म्हणते, "आजोबा, बोट."
मी तर्जनी पुढं करतो.
चिमट्यातला लाल उजेड नखाखाली शिरतो.
"नखं पिवळी का ओ?"
छत्तीस वर्षं हळदीच्या सौद्यात काढली, बाई,
मशीनला खोटं वाटत असेल तर दुसरं बोट घे.
शहाण्णव.
ती वहीत मांडते, भाव मांडावा तसा.

ह्याच बोटांनी मी बोली लावायचो,
रुमालाखाली, दुसऱ्याच्या पंजात.
एक बोट दाबलं की शंभर,
अख्खा पंजा म्हणजे पाचशे,
मधल्यासाठी पेर.
तोंडानं मात्र लेकीच्या बाळंतपणाची चौकशी.
दस्तगीर मुलाणीचा तळवा मला पाठ होता:
अंगठ्याखाली घट्टा,
आणि खोटा भाव सांगताना
करंगळी जराशी गार.

आता त्याचं घर समोर,
मधे नऊ पावलांची गल्ली
आणि महापालिकेनं आडवा बांधलेला बांबू.

राजमती दुधाच्या पिशव्या साबणानं धुते,
मग टोमॅटो, एकेक,
बाळाचं डोकं धुवावं तसे.
मी गच्चीवर फेऱ्या मारतो. एका फेरीला एक चिंचोका
डाव्या खिशातून उजव्यात.
मोजणी चुकली की आयर्विन पुलाकडं तोंड करून उभा राहतो.
महापुरात तरी तिथं माणसं होती,
पाणी बघायला.

पुण्याहून थोरला सांगतो,
"बाबा, रात्री दुधातून हळद घ्या."
मला!
कुठली घेऊ, म्हणतो, राजापुरी की कडप्पा?
तो हसत नाही.
हल्ली फोनवर कुणी हसत नाही,
सगळे कान लावून असतात,
आवाजात खोकला लपलाय का.

एका रात्री समोर ॲम्ब्युलन्स थांबली.
दस्तगीर लुंगी सावरत स्वतःच चढला.
मास्कवर नुसता चष्मा, तोही वाफेनं भरलेला,
इकडं बघितलं की नाही, सांगता येत नाही.
मिरजेला नेलं, एवढंच कळलं.
त्याच्या सायकलीच्या सीटवर मांजर झोपायला लागलं.
मी मेडिकलमधून तसला चिमटा आणला,
दीड हजाराला, घासाघीस न करता.
आयुष्यात पहिल्यांदा.
पंच्याण्णव. सत्त्याण्णव. पंच्याण्णव.
समोरून बोली कोण लावतंय, कळेना.

सतराव्या दिवशी समोरचं पत्र्याचं दार वाजलं.
तोच. निम्मा होऊन आलेला.
कट्ट्यावर टेकला.
मी बांबूअलीकडून ओरडलो,
"काय रं, भाव काय म्हणतोय?"
बोलायला त्याला श्वास पुरेना.
खांद्यावरचा रुमाल काढून
त्यानं डाव्या हातावर पांघरला
आणि आत बोटं हलवली,
बराच वेळ.
नऊ पावलांवरून काय दिसणार?
मीही टॉवेल हातावर टाकला
आणि आतल्या आत
पंजा घट्ट मिटला.

"किती म्हणाले?" राजमतीनं खिडकीतून विचारलं.
कळलं नाही, म्हटलं.
पण माल इतक्यात सोडू नको म्हणतोय.

तिनं मघाचेच टोमॅटो
पुन्हा पाण्यात टाकले.